इंजिन कुठल्या बाजूनं बघायचं

मोदकपात्राचं झाकण संजीवनीनं उचललं, तर आत दोन पिस्टन रटरटत होते.

तिनं झाकण परत ठेवलं, डोळे मिटले, उघडले आणि पुन्हा उचलून पाहिलं. पिस्टनच. चाळणी बाजूला काढून ठेवलेली, आणि तळाशी दोघे भाऊ मांडीला मांडी लावून न्हायला बसल्यासारखे. पाण्यावर तेलाचा तवंग, मोराच्या मानेसारखा निळा-हिरवा. ओट्यावर परातीत उकड निवत होती, वाटीत गूळखोबऱ्याचं सारण होतं, आणि दिवस माघातल्या चतुर्थीचा होता.

"अहो."

हॉलमध्ये वर्तमानपत्रं पसरून, स्वयंपाकघराकडे पाठ करून विश्वासराव बसले होते. मांडीवर लोखंडाचा एक तुकडा घेऊन, बाळाचे कान पुसावेत तसा तो फडक्याच्या टोकानं पुसत होते.

"अहो. विश्वास चौलकर." नवऱ्याचं नाव असं आडनावासकट घ्यायची पाळी तिच्यावर गेल्या तीन वर्षांत आली होती. हाक समोरच्या ब्लॉकमधल्या चिनी म्हातारीला ऐकू गेली, तिनं खिडकीतून डोकं बाहेर काढलं. विश्वासरावांची मान हलली नाही.

संजीवनीनं जाऊन त्यांच्या खांद्यावर उकडीचा हात ठेवला.

"काय गं? केव्हा आलीस?"

"मोदकपात्रात काय आहे?"

"मोदक? झाले एवढ्यात?"

"पिस्टन आहेत."

"हां, ते. पाच मिनिटं राहू दे. आणि फ्रीजरमधल्या पिना काढून दे मला. नारळाच्या डब्यामागे ठेवल्यात, कागदात गुंडाळून. गरम पिस्टन फुगतो, गार पिन आकसते, मग हातानं आत सरकते. हातोडा नाही लावायचा. जुनं इंजिन आहे, त्याला ठोकाठोक सोसत नाही."

"आणि मला सोसते."

"काय?"

"काही नाही."

"पुटपुटू नकोस गं. स्पष्ट बोलत जा."

ऋता, त्यांची सतरा वर्षांची मुलगी, कॉलेजची बॅग टाकत आत आली, नाक मुरडून म्हणाली, "पपा, होल हाउस स्मेल लाइक पेट्रोल किऑस्क." मग आईचं तोंड पाहून तिनं आवाज उतरवला. "मम्मी, राइस कुकर में... म्हणजे, राइस कुकरमध्ये कर ना. सेम थिंग लाह."

त्या वर्षी गणपतीनं राइस कुकरमध्ये उकडलेले मोदक खाल्ले. कळ्या बसल्या, दोन तर फुटलेच. नैवेद्य दाखवताना संजीवनीनं देवाला एवढंच सांगितलं, की हे मी केलेलं नाही, ज्यांनी केलं ते हॉलमध्ये बसले आहेत, त्यांना हाक मारून बघ. तुझी तरी ऐकू जाते का पाहू.

*

विश्वासराव जहाजावर चीफ इंजिनिअर होते. होते, म्हणजे तीन वर्षांपूर्वीपर्यंत. तीस वर्षं त्यांनी जहाजांच्या पोटात काढली, तीन मजली उंच इंजिनांच्या सोबतीनं, जिथे माणूस माणसाशी हातवाऱ्यांनीच बोलतो. इंजिनानं आधी त्यांच्या कानातले बारीक आवाज नेले. पक्षी गेले, घड्याळ गेलं, कढईत मोहरी तडतडते ती गेली. मग बायकोचा आवाज गेला. कंपनीच्या डॉक्टरनं कानांची तपासणी केली, कागदावर सही केली, आणि चौपन्नाव्या वर्षी विश्वासराव सिंगापुरात, हौगांगच्या सातव्या मजल्यावर कायमचे उतरले.

कानात घालायचं यंत्र कपाटाच्या खणात होतं. बॅटरी संपली आहे, असं ते सांगत. बॅटरी दोन वर्षं संपलेलीच होती. त्यांच्या मते त्यांना सगळं नीट ऐकू येत होतं. जग अलीकडे पुटपुटायला लागलं होतं, एवढंच.

आणि मग ती बोट आली.

पुंगगोलच्या खाडीत लिम अंकल नावाचा अठ्ठ्याहत्तर वर्षांचा म्हातारा होता. त्याची लाकडी बमबोट होती. पोट फुगलेली, नाकावर दोन्ही बाजूंना डोळे रंगवलेली. मोठ्या जहाजांपासून किनाऱ्यापर्यंत तांदूळ, कांदे, रबर वाहून म्हातारी झालेली. दहा वर्षं ती चिखलात उभी होती. तिच्या पोटात दोन सिलिंडरचं, १९४८ सालचं इंग्लिश डिझेल इंजिन गंजून बसलं होतं. विश्वासराव एकदा खेकडे आणायला म्हणून गेले आणि खेकड्यांऐवजी बोट घेऊन आले. म्हणजे बोट तिथेच राहिली. घरी आलं ते इंजिन, तुकड्यातुकड्यांनी, बस बदलत, पिशवीतून.

"हे बघ," त्यांनी पहिल्या दिवशी कागदावर रेघा मारून दाखवलं होतं, "मधे दोन बाकं. रात्री तीच झोपायला. इथे स्टोव्ह. इथे तुझ्या बरण्यांची फळी, तिला बोटभर उंच कठडा, म्हणजे लाटेनं पडायच्या नाहीत. शनिवारी निघायचं, उबिन बेटावर मुक्काम, रविवारी परत."

"मला विचारलंत?"

"तुझ्यासाठीच तर करतोय."

इथेच तिला कानशिलं तापल्यासारखं व्हायचं. लग्न झाल्यापासून दर पत्रात या माणसानं लिहिलं होतं, पुढच्या खेपेला तुला जहाजावर नेतो. पहिल्या खेपेला ती पोटुशी होती. मग सासूबाईंचं दुखणं. मग ऋताची शाळा. पत्रांवर कुठकुठल्या बंदरांची तिकिटं लागली, आणि ती मात्र रेवदंड्याहून मुंबई, मुंबईहून सिंगापूर एवढीच हलली, तीही विमानानं. आता सत्तेचाळिसाव्या वर्षी, बालवाडीतल्या चाळीस पोरांना सकाळभर सांभाळून आल्यावर, तिला समुद्रावर जायचं नव्हतं. तिला नळ गळू नये असं वाटत होतं. त्या बोटीवरचा स्टोव्ह तर त्यांनी अशा उंचीवर बसवला होता, की भाजी परतायला वाकून नमस्कार घालावा लागेल.

पण त्या सगळ्याला एक तारीख लागली. खाडीचा तो काठ मोकळा करायचा होता. तिथे नवी वसाहत उठणार होती. ज्या बोटी स्वतःच्या इंजिनावर चालतात त्यांना चांगीला जागा आणि परवाना. ज्या चालत नाहीत त्या तिथेच फोडायच्या. तपासणी मार्चच्या अठरा तारखेला, शुक्रवारी.

तारीख ऐकल्यापासून विश्वासराव जेवताना घास हातात धरून बसायला लागले. बोट फोडली तर आपला माणूस टीव्हीसमोरच्या खुर्चीतून पुन्हा उठणार नाही, हे संजीवनीला दिसत होतं. कंपनीतून आल्यावरचं पहिलं वर्ष तिनं पाहिलं होतं. टीव्ही मोठ्यानं लावून, त्याच्याकडे न बघता बसलेला माणूस. त्यापेक्षा मोदकपात्रातले पिस्टन बरे, असं ती स्वतःला सांगत असे, आणि पाचव्या मिनिटाला बाथरूमच्या टबात भिजत टाकलेल्या नळ्या बघून तिचं ते शहाणपण पुन्हा वितळत असे.

*

रथसप्तमीच्या आत मंडळाचं हळदीकुंकू झालं, आंग मो किओला नीता दातारांकडे. वाण लुटून झालं, तिळगूळ झाला, आणि बायकांनी उखाण्यांचा हट्ट धरला. जुन्या बायकांनी नाही घ्यायचा तर कोणी, असं म्हणून नीतानं संजीवनीला उभं केलं. दुपारीच तिच्या चांगल्या टॉवेलानं कोणीतरी क्रँकशाफ्ट पुसला होता. ते सगळं ओठावर आलं.

"खाडीत उभी होडी, होडीत बसलं यंत्र,
विश्वासरावांना ऐकू जाईल, असा कोणी सांगा मंत्र."

हसून हसून बायकांच्या डोळ्यांत पाणी आलं. "अगं, माझ्याही घरी लागेल तो मंत्र," असं दोघीतिघी म्हणाल्या. संजीवनीही हसली. परतीच्या बसमध्ये मात्र तिला कसंसंच झालं. तीन वर्षं घरात कोणी त्यांच्या कानांचा विषय काढला नव्हता. ती पुटपुटत होती आणि त्यांची बॅटरी संपलेली होती. संसार त्या दोन खोट्यांवर नीट तोलून उभा होता. आज तिनं तोच विषय चाळीस बायकांपुढे यमकात बसवला.

दोन दिवसांनी विश्वासराव जरा जास्तच शांत झाले. तिनं विचारलं, बरं नाही का. ते म्हणाले, "ऐकू आलं मला," आणि पिशवी उचलून खाडीवर गेले.

*

मार्चच्या पहिल्या आठवड्यात इंजिन बोटीत जुळून उभं राहिलं. हिरवा रंग दिला, पितळेच्या नळ्या घासल्या. दिसायला असं, की ओवाळावं. फक्त ते सुरू होईना.

पुढच्या बाजूला हँडल होतं. खटका वर करून दाब सोडायचा, हँडल गरागरा फिरवायचं, वेग आला की खटका पाडायचा. विश्वासराव फिरवत, लिम अंकल खटका पाडी. इंजिन एकदा ढुस्स करी, पांढरा धूर सोडी आणि गप्प बसे. नऊ दिवस हेच चाललं. इंजेक्टर दोनदा उघडून झाले. डिझेल बदललं. हवा काढली.

संजीवनी दुपारी बालवाडीतून सुटली की डबा घेऊन जाई. दूरवरूनच तिला त्या दोघांचं भांडण ऐकू येई. सगळ्या काठाला येई.

"टायमिंग चेक करायला पाहिजे," विश्वासराव इंग्रजीत ओरडत.

"ईटिंग? ईट ऑलरेडी," लिम अंकल ओरडे.

"टायमिंग."

"कॅन, कॅन. टुमॉरो स्टार्ट वन."

लिम अंकल चाळीस वर्षं याच इंजिनाला टेकून बसला होता. त्याचेही कान याच इंजिनानं खाल्ले होते. दोन बहिरे एका मुक्यापुढे बसले आहेत, हे बघून संजीवनीला एकदा हसू येई, आणि लगेच डबा त्यांच्या डोक्यात घालावासा वाटे.

गुरुवारी, तपासणीच्या आदल्या दिवशी, ती गेली तेव्हा मात्र आवाज नव्हता. शेजारच्या दोन बोटी सकाळीच फोडल्या होत्या; फळ्यांचा ढीग काठावर पडला होता. लिम अंकल त्या ढिगाशेजारी स्टुलावर बसून विडी ओढत होता. तिला पाहून तो म्हणाला, "मिसेस, टुमॉरो फिनिश," आणि हात हवेत आडवा फिरवला.

विश्वासराव आत इंजिनामागे बसले होते. हातात पाना होता, पण पाना कशालाच लावलेला नव्हता.

"जेवून घ्या."

ते तिच्या ओठांकडे बघत होते. मग इंजिनाकडे बघून बोलले. "नीताताईंच्या मिस्टरांनी सांगितला मला तुझा उखाणा. गंमत म्हणून."

संजीवनीनं डब्याचं झाकण अर्धवट उघडलं तसंच धरून ठेवलं.

"इंजेक्टर डिझेल फवारतो ना," ते पुढे म्हणाले, "तेव्हा तो बोलतो. कर्र असं. बेडकासारखं, पण अगदी बारीक. हँडल हळू फिरवलं की तो कुठे बोलतो ते ऐकायचं, आणि चाकावर बघायचं. पिस्टन वर पोचायच्या थोडा आधी बोलायला हवा. एवढंच काम. शिकाऊ होतो तेव्हा डोळे मिटून करायचो." त्यांनी पाना खाली ठेवला. "नऊ दिवस झाले, मला कर्र ऐकू येत नाही. त्यालाही येत नाही. आकड्यांवर विसंबून लावलंय. मला ऐकू येत नाही, संजू."

तीन वर्षांत हा माणूस पहिल्यांदा हे म्हणाला, आणि तेही लोखंडाकडे तोंड करून. संजीवनीला त्यांचा हात धरावासा वाटला; पण तोंडातून आलं ते असं, "मग एवढे दिवस मला काय घरी मोदक करायला ठेवलं होतंत? सरका."

तिनं पदर खोचला आणि मागच्या बाजूला, जड चाकाशेजारी उकिडवी बसली. चाकाच्या कडेवरच्या कारखान्याच्या दोन खुणा विश्वासरावांनी रंगवल्या होत्या: लाल रेघ, म्हणजे पिस्टन अगदी वर, आणि तिच्या डाव्या अंगाला चार बोटांवर पिवळी, म्हणजे इंजेक्टरनं बोलायची जागा. वर एक खिळा होता. तिच्या हातात त्यांनी खडू दिला. कर्र ऐकू आलं की खिळ्याखाली चाकाचा जो भाग असेल, तिथे रेघ मारायची.

"हळू फिरवतो," ते म्हणाले आणि पुढे जाऊन हँडलला लागले.

चाक जड होतं, घंटेसारखं गोल. बाहेर खाडीचं पाणी बोटीच्या पोटावर थपथप करत होतं. कुठेतरी बुलडोझर चालू होता. बालवाडीत चाळीस पोरं एकदम रडली तरी कुणाचं खरं दुखतंय आणि कुणाला नुसतं कडेवर यायचंय, हे संजीवनी पाठमोरी सांगत असे. तिनं बुलडोझर बाजूला काढला, पाणी बाजूला काढलं, नवऱ्याचा श्वास बाजूला काढला.

कर्र.

तिनं खडू ओढला.

विश्वासराव येऊन वाकले. "हे काय? लाल रेघेच्या उजवीकडे? उशिरा मारलीस."

"आवाज आला तेव्हाच मारली."

"परत."

परत तीच जागा. तिसऱ्यांदा तीच. खडूच्या तीन रेघा एकमेकींवर, लाल रेघेच्या उजव्या अंगाला चार बोटं.

"असं होऊच शकत नाही. मी पिवळ्यावर लावलंय. तू लक्ष देत नाहीस."

"मी लक्ष देत नाही?" संजीवनी उठून उभी राहिली. डोकं छताला लागलं, त्यानं ती आणखी भडकली. "लग्न झाल्यापासून दुसरं काय केलं मी? फोनची घंटा ऐकली, पोस्टमनची सायकल ऐकली, तुमच्या आईचा खोकला ऐकला. तो मेला बेडूक कुठे बोलला ते मला कळत नाही होय? इकडे या. तुम्ही इथे बसा, चाक बघा. मी फिरवते, आणि कर्र झालं की ओरडते. माझं ओरडणं तरी ऐकू येतं ना?"

ती पुढे गेली. हँडल धरलं. रेवदंड्याच्या वाडीतला रहाट तिनं लहानपणी पायानं फिरवला होता. जड वस्तूला आधी समजवावं लागतं आणि मग ती आपण होऊन येते, हे तिच्या अंगाला ठाऊक होतं. हँडल फिरायला लागलं.

"आत्ता," ती ओरडली.

चाक आणखी एक फेरा फिरलं.

"अहो, आत्ता. बघितलंत?"

ती हँडल सोडून मागे वाकून बघायला गेली. विश्वासराव चाकाकडे टक लावून बसले होते. त्यांनी बोटानं हवेत एक गोल काढला, मग थांबून तोच गोल उलटा काढला.

"तू फिरवलंस तर चाक इकडे गेलं," ते सावकाश म्हणाले. "डावीकडे."

"हँडल एकाच बाजूला फिरतं. मी काय करू?"

"नाही, नाही. तू बरोबर." ते उठून फळीवर ठेवलेलं इंजिनाचं जुनं पुस्तक घेऊन आले. झेरॉक्सची पानं, तेलानं पारदर्शक झालेली. त्यांनी एका ओळीवर बोट ठेवलं आणि ते बोट तिथून हललं नाही. इंजिन उजवीकडे फिरतं, एवढं त्यांनी वाचलं होतं. त्यापुढे लहान अक्षरांत लिहिलं होतं: हँडलच्या बाजूनं पाहता.

जहाजावर इंजिनाकडे नेहमी मागून बघतात. पाण्यातल्या पंख्याकडे पाठ, जहाजाच्या नाकाकडे तोंड. डावं-उजवं ठरतं ते तिथून. तीस वर्षं विश्वासराव तसेच उभे राहिले होते. खाडीतल्या या म्हाताऱ्या होडीतही ते तसेच मागे जाऊन उभे राहिले, आणि समोरून लिहिलेली गोष्ट त्यांनी मागून वाचली. पिवळी रेघ जागेवर होती, पण डिझेलचा पंप त्यांनी उलट्या अंगाला सरकवून बसवला होता. डिझेल फवारत होतं ते पिस्टन वर जाऊन परत निघाल्यावर.

"शिकाऊ पोरानं केलं असतं तर मी त्याला जहाजावरून उतरवला असता," ते म्हणाले.

"तुम्हाला आधीच उतरवलंय," संजीवनी म्हणाली. म्हटल्यावर तिनं जीभ चावली. पण विश्वासराव तिच्या ओठांकडेच बघत होते, त्यांना ते पूर्ण कळलं, आणि ते हसले. खांदे हलेपर्यंत हसले. मग त्यांनी पंपाचे बोल्ट सैल केले.

नव्या जागेवर पंप आवळायला तास गेला. दोनदा तिनं ऐकलं, दोनदा खडू ओढला, तेव्हा खडू पिवळ्या रेघेवर आला. लिम अंकलला बोलावून खटक्याशी उभं केलं. विश्वासरावांनी हँडल फिरवलं. खटका पडला.

बोट अशी हादरली, की फळीवरचा डबा कठड्याला येऊन टेकला. धुराड्यातून पांढरा धूर, मग राखाडी, मग नुसती थरथरणारी हवा. काठावर सुकत घातलेल्या जाळ्यांवरचे बगळे उडाले. लिम अंकल त्याच्या भाषेत काहीतरी म्हणाला आणि इंजिनाला पाठ टेकून खाली बसला. दहा वर्षांपूर्वीची जागा त्याच्या पाठीला आपोआप सापडली.

विश्वासरावांनी तळहात इंजिनाच्या डोक्यावर ठेवला होता. "कसं वाजतंय?" त्यांनी विचारलं.

संजीवनी त्यांच्या समोर आली, तोंड दिसेल अशी. "एक ठोका जड. त्याच्या मागोमाग एक. मग जरासं थांबतं, आणि परत."

"थांबतं? नक्की?"

"नक्की. विसरल्यासारखं थांबतं."

"बरोबर," ते म्हणाले. "तसंच वाजायला पाहिजे."

*

शुक्रवारी सकाळी तपासणीला रहमत नावाचा तरुण माणूस आला. पांढरा शर्ट, हातात फळी, फळीला कागद. त्यानं बोटीच्या फळ्या ठोकून बघितल्या, पाणी उपसायचा पंप बघितला, लाइफजॅकेट मोजली. इंजिन अर्धा तास चालवलं. "सर, धिस इंजिन इज ओल्डर दॅन माय फादर," तो म्हणाला, आणि कागदावर खूण केली. लिम अंकलनं त्याला आग्रह करून प्लास्टिकच्या पिशवीत बांधून आणलेली कॉफी प्यायला लावली.

मग खाडीत एक चक्कर. विश्वासराव मागच्या टोकाला सुकाणू धरून उभे, त्यांच्या मागे रहमत, पुढे बाकावर संजीवनी. बोट अशी सरळ गेली, की पाण्यावर कुणी शिवण घालावी. रहमतनं खिशातून शिट्टी काढली आणि विश्वासरावांच्या मागे, हातभर अंतरावर, जोरात वाजवली.

काठावरच्या कुत्र्यानं वळून पाहिलं.

रहमत थांबला. दुसऱ्यांदा वाजवली. संजीवनीनं डोळ्यांनी नवऱ्याला खुणावलं, मागे बघा. तिच्या डोळ्यांकडे बघून विश्वासराव वळले, रहमतच्या तोंडातली शिट्टी पाहिली, आणि तिथल्या तिथे त्यांना सगळं कळलं. ते म्हणू शकले असते, की इंजिनाच्या आवाजात ऐकू आलं नाही. रहमतनं तेवढी वाट ठेवलीही. "इंजिन लाउड, इज इट, सर?"

"नो," विश्वासराव म्हणाले. "इंजिन इज ऑल राइट. आय कॅनॉट हिअर."

रहमतनं शिट्टी खिशात टाकली. मागून येणारी फेरी भोंगा देते, सर. धुक्यात, पावसात, भोंग्यावरच बाजूला व्हावं लागतं. हे सगळं तो मान खाली घालून, अपराध्यासारखा बोलत होता, त्यामुळे विश्वासरावांना त्यातलं काहीच कळलं नाही. संजीवनीनं ते परत सांगितलं, तोंडासमोर येऊन.

शेवटी त्यानं एक ओळ लिहिली. बोटीला परवाना. पण सुकाणूवर चौलकर असतील, तर ज्याला ऐकू येतं असा दुसरा माणूस बोटीवर हवाच. एकट्यानं न्यायची नाही, कधीच.

"हू?" त्यानं पेन उचलून विचारलं.

विश्वासरावांनी कुणाकडेच बघितलं नाही. ते सुकाणूच्या दांड्यावरचा रंगाचा एक पोपडा नखानं काढत होते.

"माझं नाव लिहा," संजीवनी म्हणाली. मग तेच इंग्रजीत. मग स्पेलिंग सांगावं लागलं, ते तीनदा चुकलं, आणि तिनं वैतागून पेन हातात घेऊन स्वतःच लिहिलं. "आता दर शनिवारी मला यायचं आहे तर," ती मराठीत म्हणाली, "मळमळ होवो नाही तर काही होवो. आणि तो स्टोव्ह वर घ्या. मी काही दर वेळी लोटांगण घालणार नाही."

"काय?"

"स्टोव्ह," ती म्हणाली, आणि हातानं उंची दाखवली.

संध्याकाळच्या आत काठ रिकामा करायचा होता. लिम अंकल बोटीवर आला नाही. त्यानं दोरी सोडली, तिचं नीट भेंडोळं करून बोटीत टाकलं, आणि पाठ वळवून बस स्टॉपकडे चालू लागला.

खाडीतून बाहेर पडल्यावर पाणी मोठं झालं. बोट चांगीच्या दिशेला वळली. पुढच्या बाकावर बसून समोरचं बघत जावं, असं ते बाक केलं होतं. पाठ टेकायला फळी, फळीला रंग. संजीवनी तिथे क्षणभर बसली. मग उठली, तोल सावरत मागे आली, आणि विश्वासरावांच्या पायांशी, बोट जिकडे चालली होती तिकडे पाठ करून बसली. उलटं बसलं की तिला बसमध्येही मळमळायचं. तिनं पदराचं टोक तोंडाला लावलं.

इथून तिला त्यांचा चेहरा दिसत होता, आणि त्यांच्या खांद्यावरून मागचं सगळं पाणी. एक टगबोट आली. तिचा लहानसा भोंगा झाला, तसा संजीवनीनं विश्वासरावांच्या उजव्या गुडघ्यावर हात ठेवला. बोट डावीकडे सरकली, टगबोट गेली. मग वाळू भरलेला एक तराफा. तिनं दोनदा थोपटलं. तोही गेला.

"ते बघ, उबिन," विश्वासराव म्हणाले. त्यांनी हात लांब करून तिच्या डोक्यावरून पुढे दाखवलं. "आणि त्या झाडांपलीकडे, खडकावर, बघ तर, केवढा समुद्री गरुड बसलाय. दिसला?"

मागे, दूर, एक पांढरी फेरी येत होती, अजून नखाएवढी.

"दिसला," संजीवनी म्हणाली, आणि मान हलवली, त्यांना दिसेल अशी.